खरवसाचं भिंग

देऊळघाट, मंगळवार, संध्याकाळ

आत्याच्या मोतीबिंदूपायी आज तिला पारावर शेजारी बसवून अर्धा तास बोललो. डोळ्याला कुणी हात लावायचा नाही, हा तिचा हट्ट. सांगितलं, परदेशात मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात घालायचं पाणी धरणारं, मऊ भिंग निघालंय. दाबलं, वाकवलं तरी पुन्हा जसंच्या तसं. पुरावा म्हणून पारावर कुणी वाटलेला, ताटलीतला खरवस दाबला. फुटला. खरवसच का निवडला मी? मऊ वेगळं, चिवट वेगळं, एवढं वाचूनही कळू नये?

शेजारचा नामदेव म्हणाला, "भाऊ, हे डोयात घालाचं का पोटात?" सगळा पार हसला.

घरी येताना आत्यानं विचारलं, "लोकं काऊन हसले रे?"

"खरवस फुटला."

"एवढी गंमत झाली अन् मले दिसली नाही. उद्या ने मले डाक्टरकडे."

अर्धा तास उगाच बोललो.