जपानविरुद्ध तेरा गुण

दापोडी, रविवार

प्रिय उत्कर्षा,

आपण हरलो. पण आकडा ऐक: सव्वीस-तेरा. याच जपानने दोन वर्षांपूर्वी आपल्याला चाळीस-शून्यने धुतलं होतं आणि परतताना विमानात आपण एकमेकींकडे बघतही नव्हतो. या वेळी येताना इतका दंगा केला, की हवाईसुंदरीने दोनदा दटावलं.

आई कालपासून शेजारच्या सुमनताईंना समजावतेय, की आपला फ्लॅग फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण यात धक्काबुक्की नसते. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेची पट्टी ओढली की ती थांबली. अगं, पण मी थांबलेच नाही! आता तुझ्या जागी असलेल्या योगिनीने चेंडू फेकला, मी खो-खोतली हूल दिली आणि जपानच्या मुलीच्या हातात पट्टीऐवजी नुसती हवा आली. त्या शाळेपासून हेच खेळतात. आपण चाकणच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून सांगवीच्या मैदानावर पळत येणाऱ्या. तरी मध्यंतराला तेरा-तेरा होतं. नंतर त्यांनी डाव बदलला आणि आपण दोनदा फसलो. सामना संपल्यावर त्यांची कप्तान दुभाष्याला घेऊन आली आणि म्हणाली, “पुढच्या वेळी तुमच्यासाठी वेगळी तयारी करावी लागेल.” मला पदक मिळाल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आपण मलेशियाला मोठ्या फरकाने हरवलं. त्यांची नवीनच टीम. कप्तान एकटी कोपऱ्यात रडत होती, म्हणून मी शेजारी बसून तिला आपल्या चाळीस-शून्यची गोष्ट सांगितली. ती हसली. मी मात्र सांगता सांगता एका जागी अडखळले.

त्या दिवशी तू फेकलेले तीन चेंडू जपानच्या हातात गेले, सगळ्यांनी तुला बोल लावला आणि तू खेळच सोडलास. त्यातले दोन तू अचूक फेकले होतेस. पळताना ठरलेल्या जागेच्या आधी मीच वळले होते, उत्कर्षा, आणि गप्प राहिले. काल सरावाच्या वेळी हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं. योगिनीने हातातला चेंडू माझ्याकडे दिला. मग म्हणाली, “फेकणं तिचंच काम आहे. मी नुसती जागा सांभाळतेय. तिला बोलाव.” म्हणून हे पत्र. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, सांगवीला. माझ्यावर चिडूनच आलीस तरी चालेल, पण ये.

तुझीच,
दीपमाला