मनालीची शर्यत आणि माझे रेडिएटर

३ मे
वॉटर कूलिंगच्या गेमिंग कॉम्प्युटरला नळ्यांतलं पाणी गार करायला केवढा रेडिएटर पुरतो? मला सांगता येत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही बीएस्सी कॉम्प्युटर, आणि उत्तर नाही. इथे कोणी वाचत नाही म्हणून कबूल करते. घरात मात्र "तीन पंख्यांचा" असं ठामपणे सांगितलं आहे.

१९ तारखेला कार रेसिंगची ऑनलाइन फेरी आहे, कॉम्प्युटरवरची. माझी धाकटी बहीण मनाली मोबाइलवर खेळते तेव्हा मोहाडीत तिला हरवणारं कोणी नाही. फेरी पार झाली तर नागपूरला फायनल. नाही झाली तर गेम बंद आणि गुपचूप नर्सिंगचा फॉर्म, अशी बाबांची अट. मुली मागे पडतात त्या साधनांअभावी. म्हणून भंडाऱ्याच्या क्लासमध्ये शिकवून साठवलेल्या पगारातून मी मशीन जोडलं. कोचही मीच. उद्यापासून रोज सराव.

५ मे
मनाली अर्धा तास खेळली. प्रोसेसर ७६ अंश. लगेच बंद करायला लावलं. कंपनी म्हणते ९५ पर्यंत चालतं. कंपनी मोहाडीत राहत नाही. माझी मर्यादा ६०.

नेटवरचा नियम असा: गरम होणाऱ्या प्रत्येक भागामागे एका पंख्याएवढा रेडिएटर, वर एक जास्तीचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड धरून तीन पंखे. पण हा नियम थंड देशातल्या लोकांनी केला आहे. भंडारा जिल्ह्याला दुप्पट.

सराव उद्यापासून.

८ मे
क्लास सुटल्यावर भंडाऱ्यातच अनुपच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तो म्हणे, मॅडम, कितीही रेडिएटर लावा, खोलीतल्या हवेपेक्षा पाणी थंड होत नसते. खोलीच चव्वेचाळीसवर असन तं तो बिचारा काय करन? म्हटलं, तरी दुसरा द्या. तर म्हणे, मग ट्रकचाच घेऊन जा, हायवेवर भेटते. दुकानदारच माल विकायला कचरतो. जिल्हा मागे का राहिला ते कळलं.

दुसरा रेडिएटर कॅबिनेटमध्ये मावला नाही. खिडकीच्या गजाला बांधला. आईने विचारलं, बाई, याच्यावर टॉवेल वाळते काय?

११ मे
दोन रेडिएटर, ७१ अंश. प्रगती आहे. फक्त खोलीत कोणी बसत नाही. बाबा राइस मिलमधून आले आणि म्हणाले, मिलमध्ये बरं होतं. त्यांना समजावलं की उष्णता मशीनमधून बाहेर काढणं हे माझं काम. ती पुढे कुठे जाते हा वेगळा विषय आहे.

मनालीने विचारलं, ताई, आज खेळू का? नळ्यांतली हवा काढायची होती. उद्या म्हटलं.

१४ मे
५८!

उपाय डोळ्यांसमोरच होता. कुलरची हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी थंड. दोन्ही रेडिएटर सुतळीने थेट कुलरच्या तोंडावर बांधले. असं अजून कोणी केलं नसावं. मनालीला वीस मिनिटं खेळूही दिलं.

आई म्हणाली, आमाले हवा नाही अन् डब्ब्याले कुलर. तो जाऊन राहिला का नागपूरले? बाबांनी सुतळी कापली. पुन्हा ७१. घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय महान कामं होत नाहीत, हे वाचलं होतं, आज पाहिलं.

१६ मे
मनालीचं लक्ष नाही. रोज दुपारच्या बसने भंडाऱ्याला जाते. काय करतेस विचारलं तर म्हणते, तिथं बरं वाटते. फेरी तोंडावर आणि ही बेफिकिरी. मी तिच्यासाठी तिसरा रेडिएटर मागवला आहे.

१९ मे, सकाळी ११
फेरी तीनला. वेळ भरपूर. तिसरा लावायला घेतला.

दुपारी २
एक जोड निसटला. पाणी ग्राफिक्स कार्डवर. मशीन सुरू होत नाही. सगळे भाग अंगणात उन्हात मांडले आहेत. आईने ते पाहून विचारलं, याचे पापड होतात का? मनालीला कसं सांगू? ती घरातही नाही.

संध्याकाळ
मनाली दुसरी आली. नागपूर!

अनुपच्या दुकानातल्या जुन्या मशीनवर खेळली. कॅबिनेटचं झाकण उघडं आणि समोर टेबल फॅन. गेला आठवडाभर ती तिथेच सराव करत होती म्हणे. फोनवर मी अनुपला पहिलं विचारलं, प्रोसेसर किती होता? म्हणे, चौऱ्याऐंशी. हे धोक्याचं आहे असं त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, पोरगी सिलेक्ट झाली, तुमी थर्मामीटर काय पाहून राहिल्या?

शांतपणे विचार केला तर पाया माझाच आहे. घरचं मशीन चालू असतं तर ती दुकानात गेलीच नसती.

२३ मे, बुद्ध पौर्णिमा
विहारात खीर. सगळे मनालीला नागपूरचं विचारत होते. रेडिएटरचं कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. चंद्रकलाकाकू शेवटपर्यंत ऐकत होत्या. खीर वाढायची त्यांची पाळी होती, जाता येत नव्हतं.

नर्सिंगचा फॉर्म बाबांनी स्वतःच कपाटावर टाकून दिला. २६ तारखेच्या फायनलला खेळाडूसोबत कोचला जाता येतं. माझी बॅग तयार आहे: थर्मामीटर, प्रोसेसरला लावायची पेस्ट, नळ्या, एक छोटा रेडिएटर. तिथलं मशीन कसं असेल कोण जाणे.

बॅग पाहून मनाली थोडा वेळ बाबांशी बाहेर बोलत होती.

२६ मे, सकाळी ८
खरा कोच कधी मागे राहायचं ते ओळखतो. खेळाडूला मोकळं सोडणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. कोच म्हणून बाबांचं नाव दिलं आहे. त्यांना माउस कुठून धरतात ते माहीत नाही, पण ते तिथलं मशीन काही उघडणार नाहीत, असं मनालीचं मत पडलं.

तेव्हा सगळ्या बाजूंनी विचार करून मी नागपूरला न जाण्याचा निर्णय घेतला आहे. बस सव्वासहालाच गेली.