यंत्र माझ्या नावावर आलं

पांडेसरा, सुरत
८ डिसेंबर १९९६

प्रिय इंदूताई,

तू पाठवलेलं बाजरीचं पोतं परवा पोचलं. सुषमानं त्याच संध्याकाळी भाकरी थापल्या. चेतन एरवी भाकरी बघितली की गुजरातीत कुरकुर करतो, पण आत्याच्या यंत्रातली बाजरी म्हणून दोन खाल्ल्या. मला मिलमध्ये रंगाच्या हौदावरून काढून घडीखात्यात घेतलंय. हात आता निळे होत नाहीत. बरं चाललंय आमचं.

यंदा मळणी एका सकाळीत उरकली असं लिहिलंस, ते वाचून फार बरं वाटलं. इतकी वर्षं तू खळ्यावर उपणत उभी राहायचीस. वारा पडला की बसायचं, सुटला की उठायचं. मळणीयंत्राला सरकार अनुदान देतं हे रेडिओवर तूच ऐकलंस. तालुक्याला चार खेपाही तूच घातल्यास. दर खेपेला विचारायचे, सातबारा कुणाच्या नावावर? भावाच्या म्हटलं की, मग भावाला आणा. मी रजा काढून आलो, एक सही केली, अर्ध्या तासात काम झालं.

दिवाळीत यंत्र द्यायचा कार्यक्रम झाला. साहेबांनी मला पुढे बोलावलं, गळ्यात हार घातला, प्रगतिशील शेतकरी म्हणून टाळ्या वाजवल्या. मग सहज विचारलं, "यंदा बाजरी कधी पेरली?" मला सांगता येईना. मी मागे वळून तुझ्याकडे पाहिलं. तू गर्दीतून म्हणालीस, "मृग लागल्यावर आठ दिवसांनी." सगळे हसले. तूही हसलीस, आणि यंत्राच्या चाकाला तेल लागतं का ते बघायला गेलीस.

इकडे आल्यावर सुषमाला ही गंमत म्हणून सांगितली. ती भांडी घासत होती. म्हणाली, "अहो, यात हसण्यासारखं काय आहे?"

आबा गेले त्या वर्षीचं मला सगळं आठवतं, ताई. भाऊजींच्या मागे तू माहेरी येऊन दोनच वर्षं झाली होती. धुडकूकाकांनी हक्कसोडीचा कागद तुझ्यापुढे ठेवला. तू तो नीट वाचलास. "दत्तूचं लग्न व्हायचंय, राहू दे त्याला," म्हणालीस आणि सही केलीस. मी बावीस वर्षांचा होतो, काही लहान नव्हतो. तुझा वाटा जातोय हे मला कळत होतं. मी जमिनीकडे बघत राहिलो. पुढच्याच वर्षी मी सुरतेला आलो आणि शेत तुझ्या अंगावर टाकलं. तू त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाहीस, म्हणून मलाही बोलायचं सुचलं नाही.

हे पत्र त्यासाठीच लिहितोय. वकिलाकडून कागद तयार करून घेतलाय. विहिरीकडचे दोन एकर तुझ्या नावावर होतील. सुषमाला विचारलं तर तिनं मलाच झापलं, "त्यांचं त्यांना द्यायला मला काय विचारता?" २३ तारखेला अकरा वाजता तालुक्याला नोंदणी कचेरीत ये. दोन फोटो आण. पुढच्या अनुदानाला मला रजा काढायला लावू नकोस. तू नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. कशाला रे, असू दे रे, असं सुरू करशील. तेव्हा मी गप्प बसलो होतो, ताई. आता एकदा तू गप्प बस आणि सही कर.

तुझाच धाकटा,
दत्तू