न भरणारे रकाने

नागपूर,
दिवाळीच्या अलीकडचा रविवार

श्रीयुत रुपरावभाऊजी, मुक्काम खापा, यांस अनुसयावहिनीचा नमस्कार, आणि आशीर्वादही. (तुम्ही माझ्याहून मोठे की लहान, हे तुमच्या आईंनाही कधी नक्की सांगता आलं नाही. म्हणून दोन्ही पाठवते. लागू पडेल ते ठेवा, उरलेलं शेवंताला द्या.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मांडी घालून बसू नका म्हटलं, आणि तुम्ही नदीकाठी पत्ते कुटायला मांडी घालूनच बसता, अशी तक्रार तुमच्या बायकोने, शेवंतानेच, केली आहे. मी तिला सांगितलं, उठता आलं नाही तर तिथेच राहू दे. मी बरी आहे. जेवते, वाचते, बीपीची गोळी घेते. हे गेल्यापासून शेजारी कोणी घोरत नाही म्हणून झोप लागत नाही, असं डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. घोरण्याची नव्हती त्यांच्याकडे.

पत्र काहून, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही "हाव, हाव" म्हणता आणि पहिल्या संधीला फोन शेवंताच्या हातात देता. पत्र तसं देता येणार नाही, तिला माझं अक्षर लागत नाही. आणि जे सांगायचं आहे ते लांब आहे.

वर्षश्राद्धाला आमचा कुशल पुण्याहून आला होता ते तुम्ही पाहिलंच. तुम्ही लोक जेवून गेलात, आणि तो समोरच्या खोलीत दिवाणावर बसला, म्हणजे दिवाणावर जेवढी जागा उरली आहे तेवढ्यात. बाकी सगळे तुमच्या दादांचे बिस्किटांचे डबे. दिवाणाखाली ट्रंक, ट्रंकेतही तेच. काजलने एक डबा उघडला आणि तिला ज्या शिंका सुरू झाल्या त्या गाडीत बसेपर्यंत थांबल्या नाहीत. सुनेला सासऱ्याची अॅलर्जी असते, पण सासरा गेल्यावर इतक्या उशिरा सुरू झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

डब्यांत काय आहे ते तुम्हाला सांगायला नको, तरी कुशलला सांगावं लागलं तसं लिहिते. लुगड्यांचे काठ. वीतभर, हातभर, कुठे नुसता चिमूटभर तुकडा. तुमच्या वडिलांचे माग बंद पडले, लाकडं चुलीत गेली, तुम्ही खाप्याला टिकून राहिलात आणि हे कळमन्याला आडत्याकडे पोती तोलायला लागले. दिवसभर तूर आणि हरभरा. संध्याकाळी कोणाच्या घरी जुनं लुगडं फाटलं याची चौकशी. आपल्या लोकांनी विणलेला काठ बोहारणीकडे जाऊ द्यायचा नाही, एवढंच खूळ होतं. पण खूळ कधी कुठे बाहेर काढावं याला काही धरबंध? लोकांच्या तेरवीला जायचे, पंगतीत बसायचे, आणि मठ्ठा वाढणाऱ्या सुनेला हळूच विचारायचे, "बाईंच्या लुगड्यांचं काय करून राहिले तुम्ही?" एका घरात मोठ्या मुलाने ह्यांना अंगणात बोलावून विचारलं होतं की आमच्या आईच्या लुगड्याशी तुमचा संबंध काय. हे म्हणाले, "आईशी नाही गा, फक्त काठाशी." तिथून आम्ही जेवण अर्धं टाकून आलो. काठ मात्र चार दिवसांनी त्या मुलाने स्वतः आणून दिला.

तर कुशलने तोडगा काढला. फोनवर आणि त्याच्या जुन्या लॅपटॉपवर एक अॅप टाकून दिलं. त्यात म्हणे माणसाला वाटेल त्या वस्तूंची वाटेल तशी नोंद ठेवता येते. पुस्तकं, तिकिटं, भाज्यांच्या कृती, काहीही. आपले रकाने आपणच करायचे, हवे तेवढे. तोच मजकूर एकदा तक्त्यासारखा दिसतो, एकदा फोटोंच्या भिंतीसारखा, एकदा कॅलेंडरसारखा. मग ठरलं ते असं: मी प्रत्येक काठाचा फोटो काढायचा, त्याची ओळ भरायची. ज्या काठाची ओळ पूर्ण भरली तो मोकळा. मोकळा म्हणजे गादीवाल्याकडे, उशीत भरायला. दिवाळीत येऊन खोलीला रंग देऊ, सोफा टाकू, आणि बाबांचं सगळं कायमचं जपलेलंही राहील. तुम्ही म्हणाल, सरळ नाही म्हणायचं होतं. म्हणून पाहिलं. नाही म्हटलं की पोरगा मऊ आवाजात म्हणतो, "आई, तू आता यातून बाहेर ये." मी आत कुठे आहे? समोरच्याच खोलीत तर आहे. तरी हो म्हटलं. पोरगा वाईट नाही. बापाला तीन पिशव्यांत भरून नेता आलं असतं तर तोही पुण्याला घेऊन गेला असता.

मी अॅपची मदतीची पानं वाचून काढली, सगळी. (कुशल म्हणतो, जगात हे कोणीच वाचत नाही. मी किराण्याच्या पुडीचा कागद वाचत वाचत वाचायला शिकले, मला काही सोडता येत नाही.) त्यात एक गोष्ट फार आवडली: पुसलेली नोंद महिनाभर कचरापेटीत राहते, वाटलं तर परत आणता येते. आपल्याकडे तेरा दिवसांतच सगळं आवरून टाकतात. मग फोटोंसाठी सीताबर्डीला जाऊन फोन उभा करायची तिकाटणी आणली, वर गोल दिवा असलेली. दुकानदार म्हणाला, "माताजी, रील बनाते क्या?" मी म्हटलं, "हाव, लुगड्याची." त्याने चॅनलचं नाव विचारलं.

आता माझी चूक ऐका. दुसऱ्या कोणाच्या हातून ती झाली नसती. तक्त्यात उभे रकाने आणि आडव्या ओळी. मला वाटलं, हे तर समजण्यासारखं आहे: उभा तो ताणा, आडवा तो बाणा. आणि ताणा पूर्ण लावल्याशिवाय धोटा कोण फिरवतं? तुमच्या वडिलांनी कोणाला फिरवू दिला असता? म्हणून मी आधी रकाने लावायला बसले. काठाचं नाव. रंग. दुसरा रंग. सूत की रेशीम. करवती असेल तर दाते बारीक की जाड. लुगडं कोणाचं. कोणत्या कार्याला घेतलं. कोणी नेसू दिलं नाही. कोणत्या घरात फाटलं. कसं फाटलं. काठ हसत दिला की रडत. ह्यांनी तो आणला तेव्हा मी काय म्हणाले. (हा रकाना भरणं सोपं आहे, सगळीकडे तेच आहे.) कुशलने पंधरा दिवसांनी तिकडून उघडून पाहिलं तर रकाने सरकवता सरकवता त्याचं बोट दुखलं, आणि ओळ एकही नाही. "आई, हे काय करून राहिली तू? असं कोणी करते का?" मी म्हटलं, ताणा लावून राहिली. त्याला हसू आलं ते मला ऐकू आलं. बापाचं हसू आहे ते, नाकातलं.

मग ओळी भरायला घेतल्या. शेवटी एक रकाना होता, शेरा. त्यात मी मनातलं लिहीत गेले. वाटलं, माझं अॅप, माझा शेरा, कोण वाचतंय. वरच्या मजल्यावरच्या गिरिधररावांच्या आईचा काठ आला, लिहिलं: काठ उत्तम, माणसं बेताची. त्यांच्या बायकोपुढे, सुहासिनीबाईंपुढे लिहिलं: देताना दोनदा विचार बदलला. गल्लीतल्या कोणालाच सोडलं नाही. आणि एक साल विचारायचं म्हणून सुहासिनीबाईंना एक ओळ पाठवायला गेले, तर सगळा तक्ता हळदीकुंकवाच्या ग्रुपवर गेला. (त्या ग्रुपवर मी अजून आहे. हे गेल्यावर मला काढायचं का, याची चर्चा त्याच ग्रुपवर झाली, माझ्या डोळ्यांदेखत. तिळाच्या वड्या माझ्याच चांगल्या होतात, म्हणून ठेवलं.)

दुपारचा चहा गॅसवर होता तेवढ्यात सुहासिनीबाई खाली आल्या. मागे आणखी चौघी. मला वाटलं, आता माझीच ओळ भरणार. त्या म्हणाल्या, "अनुसयाबाई, मी दोनदा नाही, एकदाच विचार बदलला. ते दुरुस्त करा. आणि माणसं बेताची म्हणजे कोण? मी की हे?" मी म्हटलं, तुम्ही ठरवा, मी दोन्ही लिहायला तयार आहे. तेवढ्यात मागची एक बोलली, "माझ्या आईच्या लुगड्यापुढं काय लिहिलं ते तर वाचून दाखवा वं." मी वाचलं: बाई भांडखोर, पण रंग पक्का. ती हसायलाच लागली. म्हणाली, "खरं हाय. रंगही तिनं भांडूनच घेतला होता." आणि मग डबे उघडले गेले, भाऊजी. तासभर कोणी शेऱ्याचं नाव काढलं नाही. ज्याचा त्याचा काठ हातात घेऊन बसल्या. सुहासिनीबाईंना सासूचा सापडला. आयुष्यभर त्या सासूबद्दल त्या चांगलं बोलल्या नाहीत, आणि तो काठ नाकाला लावून रडायला लागल्या, मग त्यालाच नाक पुसलं. मी ते शेऱ्यात लिहिलं. काठ परत हवा का, असंही विचारलं. "नको," म्हणाल्या, "घरी नेला तर तिच्याशी पुन्हा भांडण होईल."

गिरिधरराव संध्याकाळी आले. बेताच्या माणसांबद्दल काही बोलले नाहीत. मोठ्या हापिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, अपमान कसा गिळायचा ते जाणतो. पण तक्ता पाहून त्यांना राहवेना. म्हणाले, यात आवक क्रमांक नाही, तारखा एकसारख्या नाहीत, ही काय पद्धत झाली? आता ते रोज येतात आणि एकेक रकाना वाढवून जातात. परवा "कार्यवाहीस्तव" असा एक करून गेले. त्यात काय भरायचं हे त्यांनाही माहीत नाही. मी त्यांना अडवत नाही. उलट चहा देते. कारण माझ्या एव्हाना लक्षात आलं होतं की ओळ जितकी लांब, तितका गादीवाला लांब. सकाळी तक्त्यातली चार घरं भरते, संध्याकाळी एक रकाना वाढवते, की सगळ्याच ओळी पुन्हा अपुऱ्या. कुशलचं अॅप फार चांगलं आहे, त्यात कधीच काही पूर्ण होत नाही.

पण तो माझाच मुलगा आहे. काल फोनवर म्हणाला, "आई, मी सगळं समजून राहिलो बरं. आता रकाने बंद. जे आहेत ते भर. दिवाळीला मी स्वतः बसून भरतो आणि गादीवाल्याला बोलावतो." तिकडून त्याने काहीतरी दाबलं आणि आता मला नवीन रकाना करता येत नाही. गिरिधररावांनाही नाही, ते कालपासून जेवणावरून उठल्यासारखे हिंडताहेत. आहेत ते सगळे रकाने मी भरू शकते आणि मी न भरले तर कुशल माझ्याकडून काढून घेईल. फक्त एक नाही: विणकर. कोणत्या काठावर कोणाचा हात आहे, ते मला सांगता येत नाही. त्या सगळ्यांच्या शेजारी मागावर बसलेला माणूस आता एकच उरला आहे, आणि तो मांडी घालून पत्ते खेळतो.

शेवंताला आशीर्वाद. घरच्यांना यथायोग्य.

तुमची,
अनुसयावहिनी

ता. क. शेवंताच्या लग्नातल्या लुगड्याच्या शेऱ्यात मी जे लिहिलं आहे ते तिला कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. सांगितलं नसेल तर विचारू नका.

ता. क. आता कामाचं. तुम्ही लक्ष्मीपूजनाच्या आधी इकडे या, आणि कुशल असेपर्यंत राहा. तो एकेक काठ तुमच्यापुढे धरेल आणि विचारेल, "काका, हा कोणी विणला?" तुम्हाला सगळे ओळखू येतील, मला माहीत आहे, डोळे मिटून बोट फिरवलं तरी येतील. तरी आठवत नाही म्हणा. उजेड कमी आहे म्हणा. उद्या पाहू म्हणा. एखादं नाव सांगावंसंच वाटलं तर सांगा आणि जेवण झाल्यावर बदला. ओळ अपुरी राहिली की डबा जागेवर राहतो. तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि ते काही मोठं कौतुकाचं नाही, कारण तुम्ही मुळात बोलतच नाही. आता वहिनीसाठी थोडं करा.

ता. क. रकाने बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी एक केला होता आणि लगेच पुसला. "ह्यांना सगळ्यात आवडता कोणता." इतकी वर्षं डबे झाडले, उन्हात घातले, त्यांच्यावरून भांडले, आणि हे विचारायचंच राहिलं. तुम्ही भाऊ, तुमच्याजवळ कधी बोलले असतील. बोलले असतील तर कुशल खोलीत नसताना तो काठ डब्यातून काढून माझ्या हातात द्या. तेवढं मात्र खरं सांगा.