दोरी आटली असेल का?

मंगळवार, दिवेलागणीला

गुडघा वाढलाय की दोरी आटलीय, तेच कळेना. रविवारी वाडीत सुपाऱ्या सोलून उठलो तर उजवा गुडघा सुजलेला. लगेच सुंभाची दोरी डाव्याला, म्हणजे चांगल्या गुडघ्याला, गुंडाळून मापाची गाठ मारली. उजव्याला ती दोन बोटं कमी पडली. आज चार बोटं! शिवाय गुडघा गरम लागतोय. पण दोरी काल भिजली होती ना? आटली असेल. एवढ्यासाठी डॉक्टर कशाला?

बायको म्हणाली, "अहो, दोरीवरच शंका आहे ना? मग डाव्याला लावून बघा."

लावली. गाठ बरोब्बर जुळली.

आता कुणावर ढकलू? उद्या पहिल्या एसटीने अलिबागला, डॉक्टरकडे. मग दोन दिवस मी नक्की कशाची वाट बघत होतो?