पहिली ओळ त्यांची, पुढचं आमचं

३ नोव्हेंबर, सोमवार

एक्क्याऐंशी पायऱ्या आहेत. आज पुन्हा मोजल्या, एखादी कमी झाली असेल म्हणून!

तारीख फोनने आपली आपणच टाकली. गोल बटण दाबून धरायचं, बोलायचं, तो लिहीत जातो. नातीने शिकवलं. "आजी, दिवसभर भिंतीशी बोलतेस, त्यापेक्षा याच्याशी बोल. मी वाचणार नाही, शप्पथ." म्हटलं, तुझे इंग्रजीचे कागद संपत नाहीत, माझं गाऱ्हाणं कुठून वाचशील?

हा काय लिहितो ते मला कळायचं नाही. अक्षर माझ्या वाटेला कधी आलंच नाही. आम्ही पाच बहिणी आणि शाळेत जायला एक भाऊ. तो आता अक्षरं विसरला, मी निदान विसरले तरी नाही.

७ नोव्हेंबर

पाऊस. गुडघा. मुळ्याची भाजी.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवारी दुपारी नातीला, रुइहेला, सुट्टी असते. सुट्टी कसली! आठवड्यात एवढेच चार तास घरी बसून अभ्यास.

जे आहे ते सांगून टाकते, म्हणजे मोकळं वाटेल. दोन वर्षांपूर्वी, वसंतात, शुगनचा फोन आला. शुगन माझा मुलगा, रुइहेचा बाप, तो आणि सून लांब वनचौ शहरात बुटांच्या कारखान्यात असतात. "आई, शाळेच्या वसतिगृहाला गळती लागलीय, पलंग कमी पडले, रुइहेला बाहेर काढलं. तू तालुक्याला जाऊन तिच्यासोबत राहा." म्हातारा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. कोंबड्या शेजारणीला दिल्या, दाराला कुलूप लावलं आणि आले. तेव्हापासून इथे. शाळेच्या मागची ही इमारत अख्खी आज्यांनी आणि आयांनी भरलेली. प्रत्येकीचं एक लेकरू शाळेत, एक कुकर खोलीत. खिडकीला लोखंडी पिंजरा. म्हणे चोरांसाठी. चोर पाचव्या मजल्यावर येऊन काय नेणार, मला? नेऊ दे!

आता शुगन म्हणतो, जानेवारीत कॉलेजप्रवेशाची इंग्रजीची परीक्षा आहे, तीत एकशे तीस आले तर सुटलीस. मग इंग्रजीचा घोर संपला, बाकीचे विषय जूनमध्ये, तोवर रुइहेची काहीतरी सोय करू, तू गावी जा. एकशे तीस आले नाहीत तर जूनमध्ये पुन्हा तीच परीक्षा, आणि तोवर मी इथेच. दीडशेपैकी ऑक्टोबरात तिला एकशे चार मिळाले. म्हणजे माझ्या दाराची किल्ली सव्वीस गुणांवर लटकलीय.

१२ नोव्हेंबर

रुइहे दुपारी धापा टाकत येते, दप्तर काढायच्या आधी कुकरमध्ये डोकावते! जशी मी चोर. "सकाळी काय खाल्लंस?" "तुझ्या वाटचं सगळं." "खरं सांग, आजी." मग समोर बसून माझी वाटी रिकामी होईपर्यंत उठत नाही. सासूने असं कधी केलं नाही मला. सासूला तेवढं वाटतच नव्हतं म्हणा.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज कळलं इंग्रजीच्या पेपरात काय असतं ते. आधी वाचायचं. अस्वलं, समुद्रातला कचरा, कोण कुठला माणूस सायकलवरून जग फिरला. खाली चार उत्तरं, तीन खोटी. "चौघंही दिसायला सज्जन असतात गं," म्हणाली. मी म्हटलं, मग स्थळं बघायचा अनुभव हवा त्याला, मला विचार.

शेवटी गोष्ट. अर्धी गोष्ट छापलेली, उरलेली मुलांनी लिहायची. दोन परिच्छेद. पण दोन्हींची पहिली ओळ वरूनच ठरवून दिलेली! म्हणजे लग्न लावून झाल्यावर मुलीला विचारायचं, कसा नवरा हवा.

आजची गोष्ट अशी. परदेशातला एक पोरगा, त्याच्या हातून शेजाऱ्याची बकरी सुटते. बर्फ पडतंय. पहिल्या परिच्छेदाची ओळ: तेवढ्यात त्याला झुडपामागे आवाज आला. दुसऱ्याची: शेजारी दारात उभा होता. रुइहे पेन चावत बसली. "मला काही सुचत नाही, आजी. तू सांग ना." मी सांगितलं. झुडपामागे आवाज होता तो बकरी घळीत घसरल्याचा. शेजारी दारात उभा होता तो सुरी घेऊन. मेलेली बकरी वाया कशाला घालवायची? दोघांनी मटण केलं, पोराने दोन हिवाळे शेजाऱ्याचं सरपण फोडून दिलं. पोरगी पोट धरून हसली आणि तसंच्या तसं इंग्रजीत लिहून मोकळी झाली.

१९ नोव्हेंबर

पंचविसात नऊ!

इंग्रजीच्या ज्वो बाईंनी लाल शाईत लिहिलंय म्हणे, "शेवट फार थंड. ऊब हवी." आता थंडीत बकरीच्या रश्श्याहून उबदार काय असतं, बाई?

२३ नोव्हेंबर, रविवार

शिकले. बकरी सापडलीच पाहिजे. शेजाऱ्याने रागवायचं नाही. मिठी मारायची. एकाने रडायचं, दुसऱ्याने हसायचं, ढगातून ऊन आलंच पाहिजे. कुणाला तरी काहीतरी उमगलं पाहिजे. रुइहेला रडण्याच्याच बारा तऱ्हा पाठ आहेत, इंग्रजीतल्या. डोळे भरून आले, पाणी गालावर ओघळलं, नजर धूसर झाली, आवाज दाटला. म्हटलं, एवढ्या कशाला? आमच्याकडे दोनच, लोकांसमोर आणि लोकांमागे.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू कुठली करतेस?"

"मी? मी कांदे चिरते."

३० नोव्हेंबर, रविवार

आजची गोष्ट पळण्याच्या शर्यतीची. लंगडी मुलगी. मी म्हटलं, ती शेवटून पहिली येते, पण सगळे थांबून राहतात तिच्यासाठी, आणि तिचा बाप, जो येणार नव्हता, तो कुंपणाशी उभा. ऊन टाकलं. मिठी टाकली. पंचविसात एकोणीस मिळतील, मी सांगते.

अक्षरही मीच तपासते आता. मशीन कागदाचा फोटो काढतं, बाई पडद्यावर वाचतात, म्हणून अक्षर छापल्यासारखं हवं. मला वाचता येत नाही म्हणूनच दिसतं ते. हा गोल पोट सुटलेला. ही काठी वाकडी. या ओळीत दोन घरांमधली गल्ली फार रुंद. तीस वर्षं बुटांच्या तळांना टाके घातलेत, माझ्या डोळ्यांना काय फसवता!

लोउ आजी, शेजारच्या खोलीतली, दारातून बघत होती. "तुला येतं इंग्रजी?" "येतं. बोलता येत नाही, वाचता येत नाही, लिहिता येत नाही. बाकी सगळं येतं."

३ डिसेंबर

वीस मिळाले. वीस!

५ डिसेंबर

आज रुइहे सोडून कुणाशीच बोलले नाही. घरमालकिणीने जिन्यात कागद चिकटवलाय. दुपारी बारा ते दोन आवाज नको, मुलं झोपतात. खाली मैदानात आमचा नाच चालायचा, तोही परीक्षेपर्यंत बंद. टीव्हीचा आवाज मुका. चपला कापडी. चाळीस बायका एका इमारतीत आणि भांड्याचा आवाज नाही! आपण मेलो आणि कुणी सांगितलंच नाही, असं वाटतं कधी कधी.

तीनच वाटा येतात मला. बाजार, शाळेचं फाटक, दवाखाना. चौथी वाट गावच्या बसच्या थांब्याची, ती मुद्दाम विसरले.

१४ डिसेंबर, रविवार

सराव परीक्षेत एकशे चोवीस. सहा हवेत. सहा गुण म्हणजे किती गं, विचारलं तिला. "तीन सज्जन, आजी," म्हणाली. म्हणजे वाचनातले तीन प्रश्न बरोबर आले तर.

मी म्हटलं, दुपारी वर्गात बाई वाचनाचा सराव घेतात ना, लोउ आजीची नात बसते त्याला. तू का पळत येतेस घरी? मी डबा ठेवला असता. "कँटीनच्या वासाने मळमळतं. तुझा सुकवलेल्या मोहरीच्या पाल्याचा भात खाल्ला की डोकं चालतं." खोटारडी. लहानपणी मोहरीचा वास आला की नाक धरायची.

२१ डिसेंबर, रविवार

आज वर्षातला सर्वांत लहान दिवस. गावी सगळे रीतीप्रमाणे पितरांच्या थडग्यांवर गेले असतील. म्हाताऱ्याच्या थडग्यावरचं गवत कुणी काढलं असेल का? शुगनला सुट्टी नाही, मला सुटका नाही.

तो गेला त्या हिवाळ्यात मला भूकच लागेनाशी झाली. त्यात काय मोठंसं! एकट्या बाईने चूल पेटवायची ती कुणासाठी? दोन रताळी खाल्ली की दिवस जातो. एकदा शेजारीण आली, मी स्वयंपाकघरात बसले होते, उठवेना, तर हिने गावभर केलं. शुगनला फोन, रुइहेला फोन. उगाच. माणूस जरा बसलं की लोकांना वाटतं चाललं.

आज रुइहेने गोष्ट आणली नाही. तांदळाचे गोळे आणले, तिळाचे, बाजारातून. स्वतः उकळले. चार तिने खाल्ले, सहा मला वाढले. "मोजून खा," म्हणाली.

५ जानेवारी, सोमवार

दोन आठवडे फोनला हात लावला नाही. ती पहाटे उठून वाचते, मोठ्याने, कारण मोठ्याने वाचलं की जीभ वळते म्हणे. मी पडून ऐकते. काही कळत नाही, पण कुठे अडते ते कळतं. अडली की मी कूस बदलते. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आम्ही दोघी असा अभ्यास करतो.

८ जानेवारी, गुरुवार

परीक्षा झाली. फाटकाशी चारशे आया-आज्या, सगळ्या लाल कपड्यांत, शुभ म्हणून. मीही लोउ आजीचा लाल स्वेटर घातला, काखेत घट्ट झाला. रुइहे बाहेर आली तर म्हटलं, "गोष्ट कुणाची होती?"

"एका म्हाताऱ्याची आणि त्याच्या होडीची."

"बुडाली?"

"नाही बुडवली. सगळे किनाऱ्याला आणले." मग हळूच, "मनात बुडवली होती."

२४ जानेवारी, शनिवार

एकशे तेहेतीस!!

शुगन फोनवर ओरडत होता, मागे यंत्रांचा आवाज. "आई, सुटलीस! फेब्रुवारीत आपल्या नव्या वर्षाला गावी जा, तिथेच राहा!" मी खोलीभर फिरले. खोली किती ती, चार पावलांत संपली, तर परत फिरले. मार्चात चहाची पानं खुडायला मी गावी असेन. शेजारणीकडे कोंबड्या परत मागेन, देईल ती, नाही दिल्या तर अंडी मोजून घेईन. पिशव्या काढल्या.

पोरगी हसली नाही. दमली असेल.

२६ जानेवारी, सोमवार

भांडण. आमचं पहिलं.

"तुला एवढी घाई आहे जायची?" म्हणाली.

"कैद्याला दार उघडलं तर त्याने बसून राहायचं का?"

"मी तुरुंग आहे?"

"तू नाहीस गं. हा पिंजरा, हा जिना. तू वसतिगृहात राहा, मैत्रिणी मिळतील, दुपारची झोप मिळेल. मी काय करते इथे? भात!"

"तिथे कोण आहे तुला?"

"कोंबड्या आहेत."

तिने पेन आपटलं. या पोरीने आजवर कधी काही आपटलं नव्हतं. नंतर म्हणाली, वसतिगृहात जागा नसते, आजी, विचारू नकोस, उगाच हेलपाटा होईल. म्हटलं, दोन वर्षांत एक पलंग नाही झाला? मी विचारते ज्वो बाईंना. त्याच वर्गशिक्षिका आहेत, वसतिगृहही त्याच बघतात. "नको," म्हणाली. "आजी, नको ना." मी ऐकतेय होय!

२८ जानेवारी, बुधवार

ज्वो बाईंकडे गेले. म्हटलं, बाई, पोरीला एक पलंग द्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पलंग? चार नंबरचा पलंग तिचाच आहे, आजी. पहिल्या वर्षापासून. कुणी काढलं तिला?" मी गळतीचं सांगितलं. गळती? कसली गळती? मग त्यांना आठवलं, तोंडावर हात ठेवला. "तिने हात जोडले होते मला, तुम्हाला सांगू नका म्हणून." दुपारच्या वाचनातून सूटही तिनेच मागितलेली. म्हणाली होती, आजी स्वतःसाठी चूल पेटवत नाही, माझ्यासाठी पेटवते. मी गेले नाही तर ती जेवणार नाही.

बाकीचं ऐकलं नाही मी.

घरी आले तर पोरगी दारातच उभी. तोंड एवढंसं झालेलं. "मिळाला पलंग?"

"कुठला! सगळे भरलेत म्हणे."

"मग?"

"मग काय! जूनपर्यंत तुझ्यापाशी अडकले मी. उद्यापासून दुपारी घरी यायचं नाही, डबा घेऊन मी फाटकाशी येईन, दोघी तिथेच जेवू. बघतेस काय? वाट्या काढ."