गोलमधलं तपकिरी बटण

तीर्थरूप मामांस,

भाचा या नात्याने वाकून आणि क्लबचा सेक्रेटरी या नात्याने जरा जास्तच वाकून नमस्कार.

तुमची प्रकृती कशी आहे? मामींची कशी आहे? तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (सहज विचारतो आहे.) जिना उतरताना अजून कुरकुरतो का? खाली पडलेला पेपर उचलायला वाकता येतं का, आणि वाकल्यावर कुणाच्या मदतीशिवाय उभं राहता येतं का? दोन्ही हात खांद्याच्या वर जातात ना? हे सगळं आईने विचारायला सांगितलंय असं समजा. आई ठीक आहे. गेले पाच महिने ती माझ्यापुढे चहाचा कप ठेवताना तो बशीवर आपटते, म्हणजे मनगटात जोर चांगला आहे. तिचा एकुलता एक भाऊ पाच महिन्यांत घरी फिरकला नाही, त्याचं खापर तिने माझ्या डोक्यावर फोडलं आहे, आणि खापर फोडायला जागा योग्यच निवडली आहे हे मलाही मान्य आहे. मी फोन केले नाहीत असं नाही. दर वेळी मामी फोन उचलतात, 'ते झोपलेत' म्हणतात, आणि मागून तुम्ही टीव्हीवरच्या गोलकीपरला पुढे यायला सांगत असता ते मला स्पष्ट ऐकू येतं. म्हणून शेवटी पत्र.

पत्राचं कारण एवढंच, की पुढच्या सीझनची आपली तयारी फार जोरात चालली आहे, ती क्लबचे जुने हितचिंतक म्हणून तुमच्या कानावर घालावी. दुसरं काही कारण नाही. परिस्थिती अत्यंत आशादायक आहे. गेल्या सीझनला आपण बारा संघांत अकरावे आलो होतो. बारावा संघ आता मोडला, त्यामुळे बोटही न हलवता आपण तळाला पोचलो आहोत आणि इथून पुढे फक्त वरच जाता येतं. लीगवाल्यांनी यंदा एक नवा नियम मात्र काढला आहे. अकरा खेळाडू आणि तीन राखीव अशी चौदा नावांची यादी, गोलकीपर कोण ते स्पष्ट लिहून, पुढच्या शनिवारपर्यंत द्यायची. यादी अपुरी निघाली तर संघ लीगच्या बाहेर, आणि मैदान तीन वर्षं रांगेत असलेल्या दुसऱ्या क्लबला. (ते लोक दर रविवारी येऊन आपल्या मैदानाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून जातात. एकदा त्यांनी आपल्या गोलपोस्टला कुठला रंग द्यायचा यावर आपल्यासमोरच वाद घातला.) पण त्याची काळजी नसावी. यादी जवळजवळ पूर्ण आहे. हा 'जवळजवळ' कुठे आहे ते ओघाने येईलच.

संघाची आखणी दरवर्षीप्रमाणे शिंपीदादांच्या दुकानात झाली. तीन रविवार दुपारी आम्ही त्या कापड बेतायच्या टेबलाभोवती बसलो. तुम्हाला पद्धत माहीत आहेच: टेबलावर खडूने मैदान आखायचं आणि बटणं मांडायची. पुढे शर्टाची पांढरी बटणं, मागे पँटची काळी, मध्ये जी मिळतील ती, आणि गोलमध्ये ते मोठं तपकिरी बटण. आपले शिंपीदादा मॅनेजर म्हणून कसे आहेत हे मी तुम्हाला काय सांगावं! मैदानावर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण टेबलावर त्यांनी आजवर एक मॅच हरलेली नाही. पहिल्या रविवारी त्यांनी दोन पांढरी बटणं कडेने अशी काही पुढे सरकवली, की बेकरीवाल्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या. (बेकरीवाला आपला सेंटर फॉरवर्ड. पांढऱ्या बटणांपैकी एक तोच होता.) प्रतिस्पर्धी म्हणून मांडलेले हूक बिचारे जागचे हललेसुद्धा नाहीत. शिंपीदादांच्या मते यातच त्यांची दहशत दिसते.

आता खेळाडूंबद्दल. बेकरीवाला यंदा भलताच तंदुरुस्त आहे, फक्त तो पहाटेपासून भट्टीपुढे उभा असल्यामुळे दुपारी तीननंतर कुठेही टेकला की झोपतो. म्हणून त्याला हाफटाइमला बसू द्यायचं नाही असा ठराव केला आहे. उजव्या विंगला पोस्टमन आहे. धावतो सुंदर, पण अजूनही प्रत्येक बॉल योग्य माणसाच्या हातात दिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, मग तो माणूस कुठल्या संघाचा का असेना. आणि लेफ्ट बॅकला आपले ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. त्यांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. वळायच्या आधी ते हात बाहेर काढून इशारा देतात, आणि मागून कुणी वेगात आला तर बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देतात. शिंपीदादांनी एक नामी युक्ती काढली: मास्तरांनी हात डावीकडे दाखवायचा आणि वळायचं उजवीकडे. मास्तरांचा चेहरा पडला. सव्वीस वर्षं लोकांना जे करू नका म्हणून ओरडलो तेच आता चारचौघांत करू का, असं म्हणून ते डोळे पुसत बाहेर जाऊन उभे राहिले. शेवटी त्यांनी निदान हात जरा उशिरा काढावा यावर तडजोड झाली.

दुसऱ्या रविवारी असं ठरलं, की संघात नवं रक्त हवं. म्हणून दुकानाच्या काचेवर कागद लावला: 'चपळ, मेहनती माणूस पाहिजे. अनुभव असल्यास उत्तम.' (मजकूर माझा. यात फुटबॉल हा शब्द राहून गेला हे तुम्ही ताडलं असेलच. आम्ही कुणी ताडलं नाही.) सोमवारी सकाळी एक गृहस्थ आले. चपळ होते, मेहनती होते, अनुभव अठरा वर्षांचा होता, आणि आल्या आल्या ते शिलाई मशीनवर जाऊन बसले. दुपारपर्यंत त्यांनी इतकं काम उरकलं, की त्यांना चेंडूबद्दल विचारायचा शिंपीदादांना धीर होईना. तेव्हापासून ते दुकानात कारागीर आहेत. फुटबॉल त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. पण माणूस टापटिपीचा. कुठली वस्तू जागेवर नसली की त्यांचा जीव वरखाली होतो, आणि पुढचं सगळं महाभारत त्यातूनच घडलं.

तिसऱ्या रविवारी आखणी पुरी झाली. अकरा बटणं अशी देखणी बसली होती, की टेबलाला हात लावायचा नाही असं शिंपीदादांनी सर्वांना बजावलं. (कारागीर त्या दिवसापासून मंगळवारपर्यंत सुट्टीवर होते.) सोमवारी मी टेबलाशेजारी बसून, एकेक बटण बघत, लीगचा फॉर्म भरला आणि पोस्टमनच्या हाती दिला. बुधवारी संध्याकाळी सगळे टेबलाचा फोटो काढायला जमलो, तर टेबल स्वच्छ! खडूची रेघसुद्धा नाही. कारागीर मोठ्या समाधानाने उभे. त्यांनी काय केलं होतं, मामा? पांढरी बटणं दुरुस्तीला आलेल्या शर्टांना लावून टाकली होती, काळी पँटना. आपली अख्खी फॉरवर्ड लाइन कुणाच्या तरी पोटावर शिवली गेली होती. बेकरीवाला मटकन खाली बसला (आणि बसल्यामुळे अर्थातच झोपला). मास्तर आपलं बटण कुठल्या पँटला गेलं ते शोधू लागले.

तेवढ्यात कारागिरांनी खिशातून ते मोठं तपकिरी बटण काढलं आणि तळहातावर ठेवून विचारलं, "बाकी सगळी लागली. हे एक तेवढं समजेना. हे कुणाचं?"

आम्ही सगळ्यांनी एकदम सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं. हे गोलकीपरचं, हे सगळ्यांना माहीत होतं. तीन रविवार ते गोलमध्ये होतं. त्याला कुणी हलवलं नाही, त्याच्याबद्दल कुणी चर्चा केली नाही, कारण गोलकीपरबद्दल चर्चा करायची वेळ बावीस वर्षांत कधी आलीच नव्हती. फक्त त्या बटणाचा माणूस पाच महिन्यांपूर्वी क्लब सोडून गेला आहे, हे तीन रविवारांत नऊ शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शिंपीदादा इस्त्रीच्या टेबलाला टेकले आणि हळूच म्हणाले, "आपले मामा की हे."

असो. एकूण तयारी ही अशी आहे. फळी भक्कम आहे, उत्साह दांडगा आहे, किरकोळ एखादी जागा भरायची राहिली आहे. मामींना नमस्कार. आईने तुम्हाला काही सांगितलेलं नाही, ती माझ्याशी बोलत नाही.

तुमचा आज्ञाधारक (पाच महिन्यांपासून),
भाचा

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. तुमचा तपकिरी कोट गेल्या वर्षापासून शिंपीदादांच्या दुकानात खुंटीवर आहे. त्याचंच ते तुटलेलं बटण. तुम्ही लावायला दिलंत, शिंपीदादांनी आधी गोलमध्ये ठेवलं आणि लावायचं विसरले. कारागिरांनी बुधवारी खुंटीवरचा कोट शोधून काढला आणि पाच मिनिटांत बटण जागेवर. तेव्हा कोट तयार आहे. रविवारी सकाळी आठ वाजता येऊन घेऊन जावा. दुकान त्या वेळी बंद असतं, म्हणून कोट मैदानावर आणून ठेवू. सकाळी गारवा असतो, तेव्हा हातमोजे घालून यावं. ते तुमचे जुने, मोठे, रबराचे असले तरी चालतील.

ता. क. २. हे पत्र पोस्टमन स्वतः आणून देईल. उत्तर मिळेपर्यंत तो दारातून हलणार नाही. त्याला कृपया बसायला स्टूल द्या. आणखी एक. लीगकडून आपला फॉर्म काल परत आला. मी गोलकीपरच्या रकान्यात, त्या बटणाकडे बघत, नाव लिहायच्या ऐवजी 'नेहमीचेच' असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी लाल शाईत शेरा मारला आहे: 'नेहमीचेच या खेळाडूचं पूर्ण नाव, जन्मतारीख व सही जोडावी.' नाव मी लिहिलं आहे. जन्मतारीख आईने कपाटाच्या दाराकडे बघत सांगितली. सही माझ्याने खोटी होणार नाही, एकदा प्रयत्न केला, ती फार चांगली आली म्हणून घाबरून फाडली. दुसऱ्या कुणाला विचारायचं कुणाच्याही मनात नाही. कारागिरांना एकदा गोलमध्ये उभं करून पाहिलं. त्यांनी आलेला प्रत्येक बॉल पुसून व्यवस्थित गोलच्या आत, जाळीला टेकवून ठेवला.

ता. क. ३. मामा, वार्षिक सभेत मी रिपोर्ट वाचला, त्यात 'शेवटच्या मॅचमधले सहापैकी दोन गोल गोलरक्षक बोलण्यात गुंतले असताना झाले, तरी त्यांनी आता प्रेक्षकांत बसून मार्गदर्शन करावे' हे वाक्य होतं. लिहिताना मला ते फार खुमासदार वाटलं होतं. लोक हसले तेव्हा मी खूश होऊन वर बघितलं, तर तुम्ही हातमोजे घडी करून खिशात ठेवत होता. ती घडी अजून डोळ्यासमोरून जात नाही. परवा आम्ही तुमच्याशिवाय एक सरावाची मॅच खेळलो. गोल रिकामा होता, त्याचं काही नाही, पण मागून कुणी ओरडतच नव्हतं. मास्तर मध्येच थांबून 'कुठे वळू?' म्हणून मागे बघायचे आणि मागे कुणी नसायचं. पहिल्या दहा मिनिटांत सात गोल झाले. त्यातले सातही कुणी न बोलल्यामुळे झाले, हे मी नव्या रिपोर्टात लिहिलं आहे आणि येत्या सभेत उभा राहून, मोठ्याने, चारचौघांत वाचणार आहे. माझं चुकलं. क्लबला गोलकीपर हवा आहे हे खरं, पण मला मामा हवा आहे, हे त्याहून खरं.

ता. क. ४. कोट खांद्यात घट्ट होत असेल तर पोस्टमनबरोबरच कळवा. शिंपीदादांनी त्याच मापावर एक नंबरची जर्सी बेतायला घेतली आहे, कारागीर मशीनवर बसून आहेत, आणि पाठीवर नाव शिवून झालं आहे.